लपणं : ९६, १७७, १८३, १९२, १९४

"मावशी, मी झुडपामागे लपलो तर त्या गॉब्लिनला दिसेन का?"

भाच्याने हे विचारलं तेव्हा रविवारचे साडेचार वाजले होते. उत्तर हाती लागेपर्यंत पाच वाजत आले, चहा गार झाला आणि टेबलाभोवतीच्या चार पोरांपैकी दोघांनी मोबाइल काढले. झुडूप, गॉब्लिन, हातातला खंजीर, सगळं तिथेच गोठून राहिलं होतं. मी पुस्तकाची पानं उलटत होते.

खेळ होता डंजन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि एक जण डीएम होतो, म्हणजे भोवतालचं जग आणि त्यातले शत्रू-मित्र चालवतो. आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. फाशात किती मिळवायचे, किती आले म्हणजे जमलं, हे नियमांच्या पुस्तकात असतं. आमच्याकडे २०१४ सालचं प्लेअर्स हँडबुक आहे, ३२० पानांचं. मुलं सातवी-आठवीतली, पुण्यातल्या आमच्याच सोसायटीतली. डीएम मी.

नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात. कुणी दारातून अर्धवट प्रश्न घेऊन आला की त्याला नेमक्या पानापर्यंत पोचवायचं, हे मी वीसेक वर्षं करते आहे. म्हणूनच त्या रविवारी मला फार लागलं. खेळ थांबला तो नियम अवघड होता म्हणून नाही. नियम पाच ठिकाणी विखुरलेला होता म्हणून.

तो प्रवास मी रात्री पुन्हा केला, शांतपणे, पेन्सिल घेऊन. लपण्याची मुख्य चौकट १७७व्या पानावर, क्षमतांच्या प्रकरणात. तिथे म्हटलंय की जो तुम्हाला बघू शकतो त्याच्यापासून लपता येत नाही. मग बघू शकतो म्हणजे काय? ते १८३वर, पुढच्या प्रकरणात, उजेड आणि अंधाराच्या नियमांत: विरळ झाडीने थोडंसंच झाकलं जातं, दाट झाडीने पूर्ण. लपायला आपली पाळी खर्ची पडते का? १९२, लढाईचं प्रकरण. पण भाच्याचं पात्र ज्या वर्गाचं (म्हणजे योद्धा, जादूगार असा पात्राचा पेशा) आहे त्याला दुसऱ्या लेव्हलला लपणं स्वस्तात पडतं, बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे त्याच पाळीत मिळणाऱ्या जादा छोट्या कृतीत. ते ९६वर, वर्गांच्या प्रकरणात. (त्या वर्गाचं इंग्रजी नाव देवनागरीत लिहिलं की 'रोग' होतं. आजारपणाचा शब्द मुलांना नको होता, म्हणून आमच्याकडे तो 'चोर'.) आणि लपून वार केला तर फायदा काय? १९४. म्हणजे एका प्रश्नासाठी चार प्रकरणं आणि पाच पानं. यातला प्रत्येक नियम आपापल्या जागी अगदी बरोबर आहे. पण प्रश्न विचारणारा त्या जागांच्या हिशोबाने विचारत नाही.

पुढचा आठवडाभर मी ते पुस्तक कामावर करते तसं तपासलं. आधी अनुक्रमणिका, मग शेवटची सूची, मग पानांचे मथळे.

अनुक्रमणिका पाहिल्यावर पुस्तकाचा स्वभाव कळला. पहिली सहा प्रकरणं पात्र घडवण्यासाठी आहेत: वंश, वर्ग, पार्श्वभूमी, सामान. सातव्यापासून दहाव्यापर्यंत खेळाचे नियम. अकरावं सगळं मंत्रांचं, इथे त्यांना स्पेल म्हणतात. शेवटी परिशिष्टं. पहिल्यांदा पुस्तक हाती घेऊन पात्र बनवायला बसलेल्या मुलासाठी हा क्रम फार चांगला आहे. मुलांनी माझ्या मदतीशिवाय पात्रं बनवली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अडतं ते पुढे. पात्र बनवायला एक दुपार लागते आणि खेळ वर्षभर चालतो. वर्षभर लागणारी पानं पुस्तकाच्या मधोमध, १७० ते २०५च्या आसपास दडलेली, आणि पुस्तक आपणहून उघडतं ते वर्गांच्या चित्रांवर.

डीएमसाठी वेगळं पुस्तक आहे. त्यात खेळ प्रत्यक्ष चालवायचा कसा हे आठव्या प्रकरणात येतं. त्याआधी जग कसं घडवायचं, विश्वं कशी घडवायची, हे वाचून व्हावं लागतं. नव्या डीएमला पहिल्या रविवारी विश्व नको असतं.

जे उत्तम आहे तेही सांगते. लढाईचं प्रकरण १८९ ते १९८, दहा पानांत आटोपतं आणि पाळी कशी येते, काय काय करता येतं, जखम, मरण, अशा ओघाने जातं. आंधळा, घाबरलेला, बेशुद्ध वगैरे अवस्था २९०पासून एकत्र, वर्णक्रमाने, एकेका मुद्द्याच्या ओळीत दिलेल्या. ते परिशिष्ट ज्याने रचलं त्याला टेबलावरची घाई माहीत होती. स्पेलची वर्णनं वर्णक्रमाने आहेत, हेही योग्य. पण त्या आधीच्या याद्या, म्हणजे कोणत्या वर्गाला कोणती स्पेल, त्या नुसत्या नावांच्या आहेत. पान क्रमांक नाही. कोणती स्पेल कॉन्सन्ट्रेशन मागते, म्हणजे लक्ष एकवटून धरून ठेवावी लागते, याची खूण नाही. आमची शाहीरबाई (बार्डला आम्ही शाहीर म्हणतो) दर लेव्हलला नवी स्पेल निवडताना दहा वेळा पुढे-मागे करायची.

आता शेवटची सूची. अक्षर इतकं बारीक की मी चष्म्यावर भिंगही घेऊन बसले. मुलांना दिसतं, पण संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली तीही डोळे बारीक करतात. आणि तिच्यात ठिकठिकाणी पान क्रमांकाऐवजी 'अमुक पाहा' असं लिहिलेलं. तुम्ही तिकडे जायचं, तिथे क्रमांक मिळतो, मग पानाकडे.

यावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण 'पाहा' ही नोंद आमच्या धंद्यातली. ग्रंथालयात कार्डांची तालिका होती तेव्हा एका पुस्तकाची पाच कार्डं लिहायची म्हणजे पाचपट मेहनत. म्हणून एका नावाखाली पूर्ण कार्ड करायचं आणि बाकीच्या नावांखाली 'पाहा' लिहून वाचकाला तिकडे पाठवायचं. ती काटकसर रास्त होती. पुस्तकाच्या सूचीत मात्र द्यायचा असतो तीन आकडी क्रमांक. 'अमुक पाहा' लिहायला त्याहून जास्त जागा लागते! जागा वाचली नाही, श्रम वाचले नाहीत, वाचकाला एक फेरी मात्र जास्त पडली. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा. विद्यार्थी असताना तो मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ पोटात शिरला तो चार मुलं फासे हातात धरून माझ्याकडे बघत बसली तेव्हा.

मग ठरवलं, आपल्या टेबलापुरती सूची आपणच करायची.

पहिल्यांदा चूक केली. अप्पा बळवंत चौकातून रंगीत चिकटपट्ट्या आणल्या आणि महत्त्वाचं वाटलं त्या प्रत्येक पानाला लावल्या. चाळीसच्या वर झाल्या. पुस्तक मोरपिसाऱ्यासारखं दिसू लागलं आणि शोधायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागू लागला, कारण आता आधी योग्य पट्टी शोधायची. त्या काढून टाकल्या. नऊ ठेवल्या. लढाईला लाल, अवस्थांना पिवळी, स्पेलच्या सुरुवातीला निळी, आणि बाकी सहा मुलांच्या चारही वर्गांना, सामानाला आणि विश्रांतीच्या नियमांना. नऊ रंग मुलांना दोन खेळांत पाठ झाले.

दुसरं पाऊल बरोबर पडलं. चार रविवार मी काहीच बनवलं नाही. फक्त एक दोनशे पानी वही शेजारी ठेवली आणि मुलांनी विचारलेला प्रत्येक नियमाचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवला. उत्तर नाही, फक्त प्रश्न आणि ज्या पानावर शेवटी उत्तर मिळालं ते पान. वहीत अशा ओळी आहेत:

"मी मेले का?" १९७.
"वरून उडी मारली तर किती लागेल?" १८३.
"पाण्याखाली किती वेळ राहू शकतो?" १८३.
"त्याला मागून धरून ठेवू?" १९५.
"तो पळतोय, मला फटका मिळतो ना?" १९५.
"झोपलो तर जखमा भरतील?" १८६.

पुस्तक इंग्रजीत, प्रश्न मराठीत, हा एक भाग झाला. पण इंग्रजी बोलणाऱ्या मुलानेही 'मी मेलो का' असंच विचारलं असतं. सूची करणारा बहुधा नियमाचं अधिकृत नाव घेतो. विचारणाऱ्याला ते नाव ठाऊक असतं तर निम्मा प्रश्न सुटलेलाच असता.

ग्रंथालयात तालिका संगणकावर गेल्यावर कोऱ्या कार्डांचे गठ्ठे उरले होते. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची कार्डं, खाली मधोमध भोक, ज्यातून ड्रॉवरची सळई जायची. रद्दीत निघालेला एक गठ्ठा परवानगी घेऊन घरी आणला. प्रत्येक कार्डावर वर डाव्या कोपऱ्यात मुलांचा शब्द, त्याखाली दोन-तीन ओळींत नियम, उजव्या कोपऱ्यात पान.

स्वतःला एकच बंधन घातलं: कार्डावरून दुसऱ्या कार्डाकडे कुणालाही पाठवायचं नाही. नियम दोन ठिकाणी लागत असेल तर दोन्ही कार्डांवर लिहायचा. हात दुखला, पण चाललं.

हे बंधन का घातलं ते एका कार्डावरून सांगते. तिसऱ्या लेव्हलला आमच्या जादूगाराने एका शत्रू मांत्रिकावर होल्ड पर्सन टाकली, म्हणजे त्याला जागच्या जागी गोठवून टाकलं. त्या मांत्रिकाने आधी कोळ्याचं जाळं पसरणारी वेब नावाची स्पेल धरून ठेवली होती आणि त्यात आमचा चोर अडकला होता. भाचा ओरडला, "तो फ्रीझ झाला, मग जाळं जाणार ना?" हुशार प्रश्न. उत्तरासाठी आधी होल्ड पर्सन, पान २५१: बळी पॅरलाइज्ड होतो, म्हणजे लुळा पडतो. पॅरलाइज्ड, २९१: तो इनकपॅसिटेटेड असतो. इनकपॅसिटेटेड, २९०: ॲक्शन (पाळीतली कृती) नाही, रिॲक्शन (झटकन द्यायचं प्रत्युत्तर) नाही, बस, एवढंच. जाळ्याचा उल्लेख नाही, कॉन्सन्ट्रेशनचा नाही. तो २०३वर, स्पेल टाकण्याच्या प्रकरणात: इनकपॅसिटेटेड झालात की कॉन्सन्ट्रेशन सुटतं. दोरी आहे, पण तिची शेवटची गाठ दुसऱ्या खोलीत मारलेली. वाचणारा २९०वर थांबला असता तर "नाही, जाळं राहतं" असं चुकीचं सांगून मोकळा झाला असता. त्या दिवशी मीही तसंच सांगितलं. चोर अजून दोन पाळ्या जाळ्यात राहिला आणि बेशुद्ध पडला. घरी आल्यावर २०३ वाचलं आणि पुढच्या रविवारी भाच्याची चारचौघांत माफी मागितली.

ते कार्ड आता असं आहे (सेव्ह म्हणजे संकटातून वाचायला टाकायचा फासा, ॲडव्हान्टेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, क्रिटिकल म्हणजे दुप्पट फाशांचा वार):

फ्रीझ झाला. हलता-बोलता येत नाही, ॲक्शन नाही, रिॲक्शन नाही. धरून ठेवलेली स्पेल सुटते! स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटीचे सेव्ह आपोआप फेल. त्याच्यावर वार करणाऱ्याला ॲडव्हान्टेज, पाच फुटांच्या आतून लागला तर क्रिटिकल. २९१, २९०, २०३.

उद्गारचिन्ह लाल पेनाने.

कार्डं लावताना मराठीचे खास प्रश्न आले. 'क्षमता' कुठे? आमचं शिक्षण सांगतं, क्ष म्हणजे क आणि ष, तेव्हा ते क मध्ये जाणार. मुलं मात्र सरळ गठ्ठ्याच्या शेवटी जायची, कारण शाळेच्या तक्त्यात ह, ळ, क्ष, ज्ञ असंच शिकवलंय. दोन रविवार मी त्यांना 'क मध्ये बघा' सांगत राहिले. मग कार्ड उचलून शेवटी ठेवलं. 'अंधार' अ च्या सुरुवातीला की शेवटी, यावर शाहीरबाई आणि तिच्या भावाची जुंपली. मी दोन कार्डं केली, एक सुरुवातीला आणि एक शेवटी.

दोन महिन्यांत कार्डं ऐंशीच्या घरात गेली. स्पेलची कार्डं वेगळी, ज्याची त्याच्याकडे. इथे एका गोष्टीची मदत झाली. या खेळाच्या मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आहे. श्रेय दिलं की तो छापता येतो, मराठीत आणता येतो, वाटता येतो. आमची स्पेलची कार्डं त्याच मजकुरावरून केली, चोरटेपणा न करता. प्रत्येक कार्डावर कॉन्सन्ट्रेशन लागत असेल तर कोपऱ्यात बंद मूठ काढली आहे. ही कल्पना जादूगाराची.

मधल्या काळात एका मित्राने २०२४ची नवी आवृत्ती वाचायला दिली. ३८४ पानं. उघडताच जाणवलं की कुणीतरी या जुन्या तक्रारी मनावर घेतल्या आहेत. पहिलंच प्रकरण खेळायचं कसं याचं. स्पेलच्या याद्यांत कॉन्सन्ट्रेशनची खूण आहे. आणि शेवटी नियमांचा वर्णक्रमाने लावलेला शब्दकोश. लपणं तिथे एका नोंदीत सापडतं: पुरेशी आड हवी किंवा गडद झाकलेली जागा हवी, शत्रूच्या नजरेत असून चालत नाही, आणि स्टेल्थच्या (गुपचूप वावरण्याच्या) फाशाला किमान पंधरा यावे लागतात. जिथे मी पाच पानं हिंडले तिथे एक परिच्छेद. इनकपॅसिटेटेडच्या नोंदीतच कॉन्सन्ट्रेशन सुटतं हे लिहिलंय. ती ओळ वाचताना मला फार बरं वाटलं. तरी शब्दकोशातली एक नोंद दुसरीकडे पाठवते, दुसरी पहिल्या प्रकरणाकडे, असं अजून होतं. आणि मुलाला अधिकृत शब्द माहीत असायला लागतो तो लागतोच.

एक वेगळ्या वळणाचं पुस्तकही याच मित्राकडे पाहिलं, ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स, गॅव्हिन नॉर्मन यांचं. १९८१ सालचे जुने डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम त्यांनी नव्याने मांडले. विषय समोरासमोरच्या दोन पानांत बसवायचा, म्हणजे पुस्तक एकदा उघडून टेबलावर पालथं न घालता ठेवलं की त्या विषयासाठी पान उलटावं लागत नाही. वाक्यं तुटक, ठळक शब्द पुढे, खुलासा मागे. ग्रंथपाल म्हणून ते पुस्तक मी कितीतरी वेळ नुसतं उघडून बसले. त्याची गोडी अशी की ते गोष्टीसारखं सलग वाचायचा आग्रह धरत नाही. पण आमच्या मुलांना प्लेअर्स हँडबुकमधली लांबलचक वर्णनं आणि चित्रं हवीच असतात, त्यातूनच त्यांची पात्रं जन्मली. म्हणून आवृत्ती बदलली नाही. जुनं पुस्तक वाचायला, कार्डं बघायला.

आता प्रश्न आला की मी पुस्तक उघडत नाही. चप्पलांच्या जुन्या खोक्यात कार्डं उभी लावली आहेत, खोकं टेबलाच्या मध्यभागी. ज्याचा प्रश्न त्याने काढायचं आणि मोठ्याने वाचायचं. लपण्याचं कार्ड सगळ्यात मळलंय, कडा मऊ पडल्या आहेत, एका कोपऱ्यावर चिवड्याच्या तेलाचा डाग आहे. त्यावर पाच पानं लिहिली आहेत, पण कित्येक महिन्यांत त्यातलं एकही पान उघडावं लागलेलं नाही.

गेल्या रविवारी पुलावर लढाई चालली होती. शाहीरबाई घोड्यावर होती आणि वाऱ्याच्या एका स्पेलने घोड्याला मागे लोटलं. "मावशी, मी पडले का?" खोक्यात कार्ड नव्हतं. मी काही बोलायच्या आत भाच्याने पुस्तक ओढलं, लाल पट्टीला उघडलं आणि प्रकरणाच्या शेवटाकडून मागे येत १९८वर बोट ठेवलं. डेक्स्टेरिटीचा सेव्ह, दहा हवेत, नाही आले तर घोड्यावरून खाली, पाच फुटांच्या आत आडवी. तिला चौदा आले. ती टिकली.

त्याने कोरं कार्ड घेतलं आणि पेन्सिलीने लिहिलं. मी असते तर वर 'स्वार' लिहिलं असतं. त्याने लिहिलं 'घोडा : पडले का', खाली नियम, कोपऱ्यात १९८, आणि कार्ड ग मध्ये की घ मध्ये हे एकदा पुटपुटून 'गॉब्लिन'च्या मागे खोचून दिलं.